बारावी ते बिंदुनामावली

नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेला, म्हणजे टीईटीला, राज्यभरातून पावणेपाच लाखांच्या आसपास अर्ज आले. या परीक्षेला एरवी येतो तो डीएड-बीएड करून नोकरीची वाट पाहणारा वर्ग. या वेळी त्यांच्या शेजारच्या बाकावर वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेले गुरुजी आणि बाईही होत्या. ज्यांच्या हाताखालून शिकून गेलेली मुलं आज बीएडच्या वर्गात आहेत, ते स्वतः पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत पाठ करत होते.

याला कारण १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल. 'अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे प्रकरण आपल्याच राज्यातलं होतं. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या खंडपीठाने सांगितलं की, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू करायचं की नाही, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. महाराष्ट्रात शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे निकालाच्या दिवशी ज्यांनी त्रेपन्नी ओलांडली होती ते सुटले, बावन्न वर्षांचे अडकले.

गुरुजींचा सवाल साधा होता आणि शिक्षक संघटनांच्या प्रत्येक मोर्च्यात तो ऐकू आला: आम्ही लागलो तेव्हा जी पात्रता होती ती पूर्ण करूनच लागलो ना? कायद्याचं उत्तरही तितकंच सरळ आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ ने शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला, म्हणजे एनसीटीईला, मिळाला. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत टीईटी बंधनकारक केली. महाराष्ट्राने तसा शासन निर्णय काढला तो १३ फेब्रुवारी २०१३ रोजी, आणि पहिली टीईटी झाली १५ डिसेंबर २०१३ ला. तेव्हापासून 'पात्र शिक्षक कोण' या प्रश्नाचं उत्तर दर दोन-चार वर्षांनी बदलत आलं आहे. कधी ते अधिसूचनेने बदललं, कधी न्यायालयाने, तर कधी नुसतं भरतीच न करून.

बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने शिक्षक व्हायचं ठरवलं तर आज वाटेत काय काय लागतं? पदविका किंवा पदवी, टीईटी, मग 'टेट' नावाची दुसरी परीक्षा, मग पवित्र पोर्टल, मग बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार लावलेल्या पदांच्या यादीत, आपल्या प्रवर्गाची जागा, मग तीन वर्षं शिक्षणसेवक, आणि त्यानंतर वेतनश्रेणी. हा रस्ता चालताना एक गोष्ट मोजत जावी: या सगळ्यात उमेदवाराच्या समोर खरोखरीची शाळेतली मुलं नेमकी किती वेळा बसलेली असतात?

शिक्षकाला आधी शिक्षण द्यावं लागतं हे महाराष्ट्राला फार लवकर कळलं होतं. १८४८ च्या सुमारास सावित्रीबाई फुले अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे अध्यापन शिकल्या, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७० मध्ये पुण्यात स्त्रियांसाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालं. तरीही पुढची कित्येक दशकं खेड्यातल्या मास्तरकीला सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पुरत असे. ती पास झालेला मुलगा गावात साहेबासारखा वावरायचा. ट्रेनिंग झालेला आणि न झालेला असे शिक्षकांचे दोन वर्ग असत, आणि पगारातही फरक असे. पुढे हे ट्रेनिंग डीएड झालं.

नव्वदच्या दशकात आणि २००० नंतरच्या काही वर्षांत डीएडला नंबर लागणं म्हणजे घरात सरकारी नोकरी आल्यासारखंच होतं. बारावीला ऐंशीच्या पुढे टक्के पडलेली, इंजिनिअरिंगचा खर्च न झेपणारी गावाकडची हुशार पोरं-पोरी डीएडकडे वळत. दोन वर्षं संपली की जिल्हा परिषदेची नेमणूक कधी येते एवढाच प्रश्न उरे. 'मुलगी डीएड आहे' एवढं वाक्य लग्नाच्या बैठकीत पुरेसं व्हायचं. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले याच काळातले. इंजिनिअरिंग सोडून ते अध्यापक विद्यालयात गेले, २००९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर रुजू झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. त्यांच्या रुजू होण्याच्या वर्षाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तीन वर्षं उशीर झाला असता तर त्यांच्यासाठी दार बंद होतं.

नोकरीची एवढी खात्री दिसल्यावर कॉलेजं निघणारच. संस्थाचालकांना डीएड कॉलेज म्हणजे इमारत, चार प्राध्यापक आणि दरवर्षी भरणारी तुकडी. परवानगी मागणाऱ्यांची रांग एवढी वाढली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डीएड कॉलेजला मान्यता नाकारलेल्या महाराष्ट्रातल्या २९१ संस्थांच्या दाव्यातूनच न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर कायदा सुचवणारे वर्मा ते हेच. पण त्याआधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा अहवाल दिला होता. देशातल्या शिक्षक घडवणाऱ्या संस्थांपैकी सुमारे नव्वद टक्के खासगी आहेत, आणि त्यातल्या पुष्कळशा नावापुरत्याच आहेत, असं त्याचं सार. आज बीएड दोन वर्षांचं आहे ते या अहवालामुळे. एनसीटीईने २०१४ ची नियमावली आणली आणि २०१५ पासून एक वर्षाचा बीएड गेला. देशभरातल्या बीएडवाल्यांचं एक वर्ष वाढलं, त्याची सुरुवात महाराष्ट्रातल्या डीएड कॉलेजांच्या हव्यासातून झाली, हे सहसा सांगितलं जात नाही.

वर्मा आयोगाच्याच सुमारास दुसऱ्या टोकाला एक धक्का बसला. ऑक्टोबर २०११ मध्ये, ३ ते ५ तारखेदरम्यान, राज्यातल्या सगळ्या शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली. हजेरीपटावर नावं होती, वर्गात मुलं नव्हती. पट खोटा निघाला की शिक्षकांची मान्य पदं घटतात, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात, आणि अतिरिक्त शिक्षकांची सोय लागेपर्यंत नवीन कुणाला घेता येत नाही. २ मे २०१२ पासून राज्याने शिक्षकभरती थांबवली. खोटा पट लावणारे संस्थाचालक वेगळे, त्यांना वर्षानुवर्षं अनुदान मंजूर करणारे अधिकारी वेगळे. दंड भरला तो त्या वर्षी डीएडच्या दुसऱ्या वर्षाला बसलेल्या पोरांनी.

जी कॉलेजं भराभर निघाली ती भराभर ओस पडली. आज डीएडचं नाव डीएलएड आहे. बारावीला खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४४.५ टक्के लागतात, प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत गुणवत्तेनुसार होतो, आणि दरवर्षी जागा रिकाम्या राहतात. जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, निदान शिकवणारी माणसं जागेवर असतात. गावाबाहेरच्या खासगी कॉलेजात 'नुसती परीक्षेला या' अशी सोय असल्याच्या कहाण्या प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात.

आता मुलांची मोजणी सुरू करू. डीएलएड असो की बीएड, सुरुवात होते सूक्ष्म अध्यापनाने. सहा-सात मिनिटांचा छोटा पाठ, एकाच कौशल्याचा. सज्जता प्रवर्तन, प्रश्न कौशल्य, चेतक बदल, फलकलेखन, प्रबलन. समोर कोण? वर्गातलेच सहकारी. पंचवीस वर्षांची मुलगी तिसरीतली मुलगी होऊन बसते आणि 'बाई, पाऊस का पडतो?' असं विचारते. सगळे हसतात, निरीक्षक प्राध्यापक नोंदतक्त्यावर खुणा करतात. मग तोच पाठ पुन्हा घ्यायचा. हे नाटक निरर्थक नाही. फळ्यावर सरळ रेषेत लिहिणं, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणं, पाठ वर्गाकडे न करणं, या गोष्टी अशाच अंगी येतात. पण तिथे कुणी बाकाखाली भांडत नाही, कुणाला मध्येच लघवीला जायचं नसतं.

खरी मुलं भेटतात ती सरावपाठात आणि आंतरवासितेत. दोन वर्षांच्या बीएडमध्ये वीस आठवडे शाळेत काढावेत असा एनसीटीईचा नियम आहे, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. शाळेच्या बाजूने पाहिलं तर हे पाहुणे. मुख्याध्यापकांना दहावीचा अभ्यासक्रम संपवायचा असतो, म्हणून पाहुण्यांना सातवी 'ब'चा शेवटचा तास मिळतो, किंवा रजेवर गेलेल्या बाईंचा वर्ग सांभाळायला मिळतो. पाठाचं टाचण काढायचं, उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं लिहायची, कार्डशीटचे तक्ते रात्री जागून रंगवायचे, आणि चाळीस मिनिटांच्या तासात निरीक्षक दहा मिनिटं येऊन सही करून जाणार. तरीसुद्धा ज्या शिक्षकांना विचारावं ते सांगतात की शिकवणं शिकलो ते इथेच, तक्ता वाऱ्याने उडाला तेव्हा. नेमणुकीपर्यंतच्या प्रवासातला हा एकमेव लांब टप्पा, जिथे उमेदवारासमोर मुलं असतात. आणि नोकरीच्या गुणवत्ता यादीत या टप्प्याला शून्य किंमत आहे.

बीएडची वाट थोडी वेगळी. आधी पदवी, मग राज्याच्या सीईटी कक्षाची शंभर प्रश्नांची नव्वद मिनिटांची परीक्षा, मग दोन वर्षं. बीएड झालेला माणूस पाचवीपर्यंतच्या वर्गाला शिकवू शकतो का, या प्रश्नावर पाच वर्षं गोंधळ चालला. २८ जून २०१८ ला एनसीटीईने 'हो' म्हटलं, नंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करण्याच्या अटीवर. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचनाच रद्द केली. लहान मुलांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे, ती डीएडवाल्यांना शिकवली जाते, बीएडवाल्यांना नाही, हा त्यातला मुद्दा. हा मुद्दा बिनतोड आहे. पदवी मोठी म्हणून पहिलीचा वर्ग सोपा होत नाही. पहिलीच्या बाईंना हे कुणी सांगावं लागत नाही.

यानंतर टीईटी. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दोन्ही दीडशे गुणांचे, अडीच तासांचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. पेपर दोनमध्ये शेवटचे साठ गुण गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना. मराठीबरोबर उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी, बंगाली आणि इंग्रजी या माध्यमांतून पेपर देता येतो. सोलापूरपासून गडचिरोलीपर्यंतच्या शाळा पाहिल्या की ही यादी का लागते ते कळतं. खुल्या प्रवर्गाला साठ टक्के हवेत, राखीवला पंचावन्न. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र आधी सात वर्षांचं होतं. जून २०२१ मध्ये केंद्राने ते तहहयात केलं, तेही २०११ पासून मागे जाऊन. केंद्राची सीटीईटी उत्तीर्ण झालेलेही इथल्या भरतीत चालतात, आणि पुष्कळ जण दोन्ही देतात.

निकाल मात्र बहुतेक वेळा एकेरी टक्क्यांत. लाखो बसतात, काही हजार पास होतात. पेपर अवघड काढतात की उमेदवार कच्चे, यावर चर्चा झडतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दोन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि त्याच्या परीक्षा पास झालेल्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांना त्याच विषयांवर साठ टक्के मिळत नसतील, तर कॉलेजांच्या परीक्षा काय तपासत होत्या, हा प्रश्न टीईटीला विचारण्याआधी विद्यापीठांना आणि पदविका देणाऱ्यांना विचारायला हवा. तो कुणी विचारत नाही, कारण कॉलेज बंद पडेल.

उत्तीर्णांचं प्रमाण इतकं कमी आणि प्रमाणपत्राला इतकी किंमत, म्हटल्यावर दलाल येणारच. २०१९ ची टीईटी १९ जानेवारी २०२० रोजी झाली होती. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये पुणे सायबर पोलीस म्हाडाच्या पेपरफुटीचा तपास करत असताना धागा टीईटीकडे निघाला, आणि अटक झालेल्यांत परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्तही होते. पैसे घेऊन निकालात गुण वाढवले गेल्याचं तपासात पुढे आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८७४ उमेदवारांवर कारवाई करून त्यांना पुढच्या परीक्षांना बंदी घातली. ज्यांनी प्रामाणिकपणे नव्वद गुण मिळवले होते त्यांनाही पुढे काही काळ 'दोन हजार एकोणीसची टीईटी' एवढं सांगितलं तरी लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या.

टीईटी झाली म्हणजे माणूस शिक्षक होण्यास पात्र झाला. नोकरीच्या यादीत तिचे गुण धरत नाहीत. त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, सगळे जिला 'टेट' म्हणतात. टीईटी आणि टेट या दोन नावांनी घरच्यांचा जो गोंधळ होतो तो विचारू नये. 'मागच्या वर्षी पास झालास ना, मग परत कसली परीक्षा?' हे उमेदवाराने वडिलांना समजावत बसायचं. नववी ते बारावीच्या शिक्षकांना टीईटी लागत नाही, पण टेट सगळ्यांना. ती ऑनलाइन, दोनशे प्रश्नांची आणि दोन तासांची. एकशेवीस गुण अभियोग्यतेला आणि ऐंशी बुद्धिमत्तेला. म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. त्यात गणितीय क्षमता, वेग आणि अचूकता, भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता, कूटप्रश्न, सांकेतिक भाषा, क्रम-श्रेणी. बँकेची तयारी करणाऱ्या मुलाला हा पेपर ओळखीचा वाटेल. ज्याचा हात छत्तीस सेकंदांत चालतो तो वर; ज्या बाईंना एका मुलाला बेरीज समजावायला छत्तीस मिनिटं द्यायचा धीर आहे त्यांच्यासाठी यात रकाना नाही.

तरीही टेट का आली हे विसरता येत नाही. तिच्याआधी खासगी अनुदानित शाळेत पगार सरकारचा आणि निवड संस्थेची होती. जागेचा 'भाव' चालायचा. शेत विकून, कर्ज काढून पोराला चिकटवल्याच्या गोष्टी मराठवाड्यापासून खानदेशापर्यंत कुठल्याही एसटी स्टँडवर ऐकायला मिळत. २०१७ मध्ये शासनाने पवित्र पोर्टल आणलं. संस्थेने जाहिरात पोर्टलवर द्यायची, उमेदवाराने पसंतीक्रम भरायचा आणि यादी संगणकाने लावायची. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिसरी मे-जून २०२५ मध्ये. मधल्या अंतराकडे पाहावं. वर्षातून दोनदा घ्यायची असं म्हटलेली परीक्षा साडेसात वर्षांत तीनदा झाली, आणि गेल्या दोन्ही वेळी दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले.

दुसऱ्या टेटवरून फेब्रुवारी २०२४ मध्ये भरती आली ती २१,६७८ जागांची. पहिल्या यादीत शिफारस झाली ११,०८५ उमेदवारांची. बाकीच्या जागांचं काय? काहींना मुलाखतीची वाट होती. काही प्रवर्गांना, विशेषतः माजी सैनिकांसारख्या समांतर आरक्षणाच्या जागांना, पुरेसे पात्र उमेदवारच नव्हते. कुठे इंग्रजी माध्यमाचा, कुठे गणित-विज्ञानाचा माणूस मिळेना. एका बाजूला लाखभर बेकार आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागा हे चित्र बाहेरच्याला चमत्कारिक वाटतं. बिंदुनामावली पाहणाऱ्या जिल्हा परिषदेच्या लिपिकाला त्यात काहीच चमत्कारिक वाटत नाही. जागा रिकामी असते ती विशिष्ट माध्यमाची, विषयाची, प्रवर्गाची, आणि समोरचा उमेदवार नेमका त्याच चौकोनात बसावा लागतो.

त्या २१,६७८ जागांपैकी ४,८७९ मुलाखतीच्या होत्या. या जागा खासगी संस्थांच्या. इथे एका जागेसाठी पोर्टल टेटच्या गुणांनुसार मोजकेच उमेदवार पाठवतं. आधी दहा पाठवत, नंतर ते तीनवर आणले. संस्थेने त्यांची मुलाखत घ्यायची, प्रत्यक्ष पाठ घ्यायला लावायचा आणि तीस गुणांपैकी गुण द्यायचे. म्हणजे अख्ख्या प्रक्रियेत उमेदवार शिकवतो कसा हे निवड करणाऱ्यांनी बघण्याची जी एकच जागा आहे, तिच्यावरच सगळ्यात जास्त संशय. 'तिघांत कुणाची बोली मोठी' असा विनोद उमेदवारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुनाच आहे. आणि त्यात दोष कुणाचा? ज्या संस्थांनी पाठ घ्यायला लावून निवड पैशांवर केली, त्यांनीच पाठ बघून निवड करण्याची पद्धत बदनाम केली. आता जिल्हा परिषदेला कुणी 'पाठ बघा' म्हटलं की उमेदवारच आधी हात जोडतात: नको, संगणकच बरा.

निवड झाली, गाव मिळालं, की माणूस शिक्षणसेवक होतो. ही योजना २००० सालची. तीन वर्षं मानधनावर काम करायचं आणि मग वेतनश्रेणी. कितीतरी वर्षं प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये मिळत. घरापासून तीनशे किलोमीटरवर खोली घेऊन राहणाऱ्या पदवीधराला सहा हजार. ही रक्कम २०२३ च्या जानेवारीपासून अनुक्रमे सोळा, अठरा आणि वीस हजार झाली. तीन वर्षांनी प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं. कागदावर ही तीन वर्षं परीक्षेची, पण काम त्याच पूर्ण शिक्षकाचं. वर दुर्गम गावची द्विशिक्षकी शाळा बहुतेक वेळा नव्यालाच मिळते, कारण जुन्यांनी बदलीने ती सोडलेली असते. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळाच चौदा हजारांवर आहेत. अशा शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते, आणि हे कसं करायचं हे ना टीईटीने विचारलेलं असतं, ना टेटने.

जुलै २०२३ मध्ये आणखी एक गंमत झाली. भरती लांबली म्हणून शासनाने ठरवलं की रिकाम्या जागांवर सत्तर वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर घ्यावं. निवृत्तिवेतन चालू असलेल्या गुरुजींना वीस, आणि नव्याने लागणाऱ्या प्राथमिक शिक्षणसेवकाला सोळा. डीएड-बीएडधारकांची आंदोलनं झाली, ती होणारच होती. त्या निवृत्त गुरुजींपैकी पुष्कळांनी खरं तर शाळा उघडी राहावी म्हणून होकार दिला असेल. पण दोन पिढ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या त्या या शासन निर्णयामुळे.

शाळेत जागा न मिळालेले कुठे जातात? विनाअनुदानित शाळेत तीन-चार वर्षांनी 'वीस टक्के अनुदान' मिळेल या आशेवर तुटपुंज्या पगारात. कनिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर. इंग्रजी शाळांत, जिथे टीईटी आहे का हे फारसं कुणी विचारत नाही, जरी कायदा त्यांनाही लागू आहे. आणि पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत, जिथे टेटची तयारी करणारा हळूहळू तलाठी आणि पोलीसभरतीचे फॉर्मही भरायला लागतो. २०११ मध्ये विसाव्या वर्षी डीएड झालेली मुलगी २०२४ ची यादी लागली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. मधल्या काळात तिची स्वतःची मुलं शाळेत जायला लागली असतील.

आता पुढचा बदल आलाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी असेल असं म्हटलं आहे. बारावीनंतर चार वर्षं, बीए-बीएड किंवा बीएस्सी-बीएड एकत्र. २०२३-२४ पासून देशातल्या काही निवडक संस्थांमध्ये ती सुरूही झाली. यात आजच्या डीएलएडचं काय होणार, आणि डीएलएडवर पंधरा वर्षांपूर्वी लागलेल्यांना उद्या कुठला नवीन कागद मागितला जाणार, हा धसका शिक्षकांच्या कट्ट्यावर आहे. १ सप्टेंबरच्या निकालानंतर तो धसका खुळचट म्हणता येत नाही.

त्याच धोरणात आणखी एक सूचना आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. शिक्षक निवडताना मुलाखत किंवा वर्गात प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवणं हा निवडीचा अविभाज्य भाग असावा, असं ते सांगतं. जिल्हा परिषदेच्या भरतीत आज हे नाही. दोन लाखांचे पाठ बघणं अशक्य, हे खरं. पण शिक्षणसेवकाची तीन वर्षं हातात आहेतच. त्या काळात वर्षातून चार-सहा वेळा एखाद्या जाणत्या शिक्षकाने मागच्या बाकावर बसून पूर्ण तास पाहिला, तर ना पैशाला वाव, ना छत्तीस सेकंदांची घाई. हे काम करणारा माणूस व्यवस्थेत आधीपासून आहे: केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळांच्या केंद्रावर एक, शाळांना भेटी देऊन शैक्षणिक मार्गदर्शन करणं हेच त्याचं मूळ काम. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत. त्यातल्या कितीतरी केंद्रांचा कारभार वर्षानुवर्षं शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे किंवा एखाद्या शिक्षकाकडे 'अतिरिक्त' म्हणून असतो, आणि त्याचा दिवस पोषण आहाराची माहिती, ऑनलाइन नोंदी आणि तातडीच्या बैठका यांत जातो. जून २०२३ मध्ये शिक्षकांमधून २,३८४ केंद्रप्रमुख निवडण्यासाठी परीक्षा परिषदेने जाहिरात काढली आणि नंतर परीक्षा लांबणीवर पडली. दुसऱ्याचा पाठ बघायला पाठवायचा माणूस निवडण्यासाठी ठरलेली ही परीक्षाही बहुपर्यायीच होती.